वेशीबाहेर गेलेली आवा

आफ्रिकेचा नकाशा समोर धरला, की पश्चिमेच्या अंगाला समुद्रात घुसलेलं एक नाक दिसतं. त्या नाकाच्या शेंड्याशी डाकार शहर आहे. सेनेगल देशाची राजधानी. तिन्ही बाजूंना अटलांटिक महासागर, वर लख्ख ऊन आणि वारा असा, की दोरीवरचे कपडे चिमट्यांना जुमानत नाहीत. आमच्या धाकट्या चिरंजीवांची नोकरी तांदळाच्या व्यापारातली. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं आणि त्याच्या बिऱ्हाडाची घडी बसवून द्यायला म्हणून मी दीड महिना तिथं जाऊन राहिले.

निघताना शेजारणी काळजीनं विचारत होत्या, "अहो, तिकडे खायचं काय?" त्यांना काय सांगू! तिकडे माणसं रोज भात खातात आणि कित्येकदा तो आपल्याकडच्याच तांदळाचा असतो. त्यातही अख्खा तांदूळ नकोच, कणी हवी! आपण जी पाखडून बाजूला काढतो, फार तर आजाऱ्याच्या पेजेला ठेवतो, ती कणी तिथल्या बायका दुकानात मुद्दाम मागून घेतात. फ्रेंचांच्या अमदानीत इंडोचायनातून स्वस्त कणी यायची. तिची चव जिभेवर बसली ती बसलीच. 2022 साली भारतानं कणीची निर्यात बंद केली, तेव्हा तिकडे मोठीच काळजी पडली होती. पुढे सेनेगलसाठी खास सवलत द्यावी लागली.

ह्या कणीचा त्यांचा पदार्थ म्हणजे 'चेबू जेन', मासे घातलेला भात. माशाच्या तुकड्यांना चिरा पाडून त्यांत लसूण, मिरची आणि पार्सली नावाच्या, कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पाल्याचं वाटण भरायचं. मासा तेलात परतून काढायचा. त्याच तेलात कांदा आणि टोमॅटोचा घट्ट रस शिजवून पाणी घालायचं, त्यात कोबी, गाजर, वांगी, भोपळा यांचे मोठाले तुकडे उकडून घ्यायचे, आणि शेवटी वाफवलेली कणी त्या रसात मुरवायची. तळाशी लागलेली खरवड पाहुण्यांना आग्रहानं वाढतात. सेंट लुई गावच्या पेंडा म्बाय नावाच्या स्वयंपाकिणीनं हा पदार्थ पहिल्यांदा केला असं तिकडे सांगतात. 2021 साली युनेस्कोनं त्याला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. एका मोठ्या परातीभोवती सगळे बसतात, ज्यानं त्यानं आपल्यासमोरचंच खायचं, आणि घरची बाई मधला मासा मोडून एकेकाच्या पुढ्यात सरकवत असते. स्वतः ती काय खाते, हे मात्र कुणी पाहत नाही. तेवढं मला अगदी घरच्यासारखं वाटलं!

तातांच्या अंगणात

आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'ताता' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मीही त्यांना तातांच म्हणू लागले. त्यांचं तोडकंमोडकं इंग्रजी, माझं त्याहून मोडकं, आणि अडलं की मुलगा मध्ये बोलायला. पण बायकांना गप्पांना भाषा लागते कुठे?

सकाळी भेटल्यावर त्या विचारायच्या, "नांगा देफ?" म्हणजे कशी आहेस? त्यावर ठरलेलं उत्तर, "मांगी फी रेक." म्हणजे 'ही इथंच आहे.' मग नवरा कसा, मुलं कशी, घरचे कसे, शांतता आहे ना, अशी सगळी चौकशी. सेनेगलमध्ये घाईनं कामाचंच बोलायला लागणं असभ्यपणाचं समजतात. वोलोफ ही तिथली सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा. कचेरीची भाषा फ्रेंच, पण बाजारातलं, भांडणातलं आणि लाडातलं बोलणं वोलोफमधलं.

एका दुपारी अंगणात भाजी निवडून झाल्यावर मी इथून नेलेलं आपलं साप्ताहिक चाळत बसले होते. ताता शेजारी येऊन बसल्या आणि पानं उलटून पाहू लागल्या. अक्षर एक कळत नव्हतं. पण हे पदार्थांचं पान, हे शिवणाचं, हे तान्ह्या बाळाचं, हे वाचकांच्या पत्रांचं, असं त्यांनी बिनचूक ओळखलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही असं होतं. मी शाळेत असताना माझी मोठी बहीण आणायची. त्याचं नाव 'आवा'."

आवा! मैत्रिणींनो, हे नाव ऐकून मी चमकलेच. तिकडे आवा म्हणजे बायबल-कुराणातली हव्वा, जगातली पहिली स्त्री. आपल्याला मात्र आवा म्हटलं की तुकोबांची आवा आठवते. पंढरीला जायला म्हणून निघते आणि दूधदुभत्याच्या काळजीनं गावाच्या वेशीतूनच घरी परतते. ह्या आफ्रिकेतल्या आवेनं काय केलं, ते मी पुढचे कित्येक दिवस तातांकडून ऐकत होते. त्या मासिकाचे जुने अंक आता संगणकावर पाहता येतात. रात्री जेवणं झाली की मुलगा ते उघडून द्यायचा आणि ताता एकेक पान समजावून सांगायच्या.

रुफिस्कची शाळा

ह्या मासिकामागे ज्या बाई होत्या त्यांचं नाव आनेत म्बाय देर्नविल. जन्म 1926 सालचा, दक्षिणेकडच्या सोकोन गावातला. सेनेगलची पहिली स्त्री-पत्रकार म्हणून त्यांना ओळखतात.

डाकारपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर समुद्रकाठी रुफिस्क हे जुनं गाव आहे. तिथं 1938 साली फ्रेंच सरकारनं मुलींसाठी शिक्षिका होण्याची शाळा काढली. जेर्मेन ल गॉफ नावाच्या फ्रेंच बाई तिच्या मुख्याध्यापिका. पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या फ्रेंच मुलखांतून निवडून मुली तिथं यायच्या. वसतिगृहात राहायच्या, शिकायच्या आणि आपापल्या गावी शिकवायला जायच्या. सरकारचा हिशेब साधा होता. शिकलेल्या नोकरदारांना शिकलेल्या बायका हव्यात आणि शाळांना मास्तरणी. पण मुलींना एकदा वाचायला शिकवलं, की त्या काय वाचतील आणि पुढे काय लिहितील, ते सरकारच्या हातात थोडंच राहतं! ह्याच शाळेतली गिनीची जान मार्तँ सिसे 1972 साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली. आनेतबाईही ह्याच शाळेतल्या.

काळ तसा उलथापालथीचा होता. 1944 साली फ्रान्समधल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला, तेव्हा सेनेगलच्या आफ्रिकी बायकांना त्यातून वगळण्याचा घाट घातला गेला. डाकार आणि सेंट लुईच्या लोकांनी गप्प न बसता ओरड केली आणि 1945 साली तो हक्क पदरात पाडून घेतला. 1947 साली आनेतबाई शिकायला पॅरिसला गेल्या. तिथं त्यांनी नभोवाणीचं आणि पत्रकारितेचं शिक्षण घेतलं, आणि 1957 साली मायदेशी परतल्यावर लगेच बायकांसाठी एक नियतकालिक काढलं. त्याचं नाव होतं 'फाम द सोलेय', म्हणजे सूर्याच्या लेकी. 1960 साली देश स्वतंत्र झाला. लेओपोल्ड सेंघोर हे चक्क एक कवी राष्ट्राध्यक्ष झाले. आणि 1964 च्या जानेवारीत 'आवा'चा पहिला अंक निघाला.

पाककृतीच्या शेजारी

'आवा'त काय असायचं? तुमच्या-माझ्या ओळखीचं सगळं. पदार्थ, कपड्यांच्या तऱ्हा, बाळाचं संगोपन, घराची टापटीप, वाचकांची पत्रं. आणि त्याच्या शेजारच्या पानावर कविता, कथा, एखाद्या कर्तबगार बाईची ओळख, दुसऱ्या देशातल्या बायका काय करताहेत त्याची बातमी. ज्या देशात 1963 साली कारोलिन फाय ही पहिली बाई संसदेत निवडून गेली, तिथं पुढल्याच वर्षी निघालेल्या ह्या मासिकात 'बाईनं काय शिजवावं' आणि 'बाईनं काय व्हावं' हे दोन्ही प्रश्न एकाच अंकात शेजारी शेजारी नांदत होते.

कुणी म्हणेल, हक्कांबद्दल बोलायचं तर मग भरतकाम आणि भाज्या कशाला? तातांचं उत्तर मला पटलं. त्या म्हणाल्या, "निव्वळ हक्कांचं मासिक असतं, तर माझ्या मेव्हण्यानं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. पदार्थांचं होतं म्हणून आलं. बहीण पदार्थ करायला पान उघडायची, आणि भात मुरेपर्यंत पुढचं पान वाचायची."

मात्र ह्या मासिकाला एक मोठी अडचण होती. ते फ्रेंचमध्ये छापलेलं, आणि सेनेगलच्या बहुतेक बायकांना तेव्हा कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. शेंगदाण्याच्या शेतात राबणारी किंवा काठावर मासे वाळवणारी बाई 'आवा' काय वाचणार? शिवाय पैशाची ओढाताण. 1966 नंतर त्यात खंड पडला, 1972-73 मध्ये काही अंक निघाले आणि मग ते बंदच झालं. सगळे मिळून अंक विसाच्या आतबाहेरच निघाले असतील. हिशेबाच्या वहीत पाहिलं तर हा सगळा आतबट्ट्याचाच व्यवहार.

पण आनेतबाईंच्या हातात दुसरं साधन होतं, ते म्हणजे नभोवाणी. त्या रेडिओवर बायकांचे कार्यक्रम करायच्या, पुढे तिथं कार्यक्रमांच्या प्रमुखही झाल्या. रेडिओला अक्षरओळख लागत नाही. उखळात बाजरी कांडता कांडता, लेकराला पाजता पाजता तो ऐकता येतो. दोघी उखळापाशी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं मुसळ मारताहेत आणि भिंतीवर रेडिओ चालू आहे, हे दृश्य ताता अजून डोळ्यांसमोर आणू शकतात.

मैत्रिणीचं पुस्तक

रुफिस्कच्याच शाळेत आनेतबाईंहून तीन वर्षांनी लहान असलेली एक मुलगी होती, मारियामा बा. तीही शिक्षिका झाली. नऊ मुलं, मग घटस्फोट, नोकरी आणि बायकांच्या संघटनांचं काम. मैत्रिणीला लिहिण्याची ओढ आहे आणि सवड नाही, हे आनेतबाईंना ठाऊक होतं. त्या तिच्या मागे लागल्या. लिही, लिहून दे, छापायचं बघू!

1979 साली मारियामाचं 'युन सी लाँग लेत्र', म्हणजे 'एवढं लांबलचक पत्र' हे पुस्तक आलं. नवरा वारल्यावर सुतकात बसलेली एक शिक्षिका आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिते आहे, एवढीच ती गोष्ट. नवऱ्यानं पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पोटच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीशी दुसरं लग्न लावलं होतं. तिकडे मुसलमान विधवेला चार महिने दहा दिवस घरात बसावं लागतं. त्या सक्तीच्या बसण्यातून हे पत्र होतं. 1980 साली ह्या पुस्तकाला आफ्रिकी पुस्तकांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला आणि जगातल्या अनेक भाषांत ते गेलं. पण दुर्दैव पाहा, पुढच्याच वर्षी, 1981 साली, मारियामाबाई गेल्या. त्यांची दुसरी कादंबरी त्यांच्या पश्चात आली.

ह्या पुस्तकाची वेदना कळायला तिथला कायदा माहीत हवा. 1972 च्या कुटुंब कायद्यानं, नवऱ्यानं तोंडी बोलून बायकोला टाकण्याची रीत बंद केली. लग्न नोंदवताना पुरुषानं एकच बायको करणार, की अधिक, ते सांगायचं असतं. पण त्यानं काहीच सांगितलं नाही, तर त्याला चारपर्यंत मोकळीक धरली जाते! आणि घराचा कर्ता म्हणून त्याच कायद्यात नवऱ्याचं नाव लिहिलेलं. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं, असा तो मामला. पुढे 2010 साली निवडणुकीच्या याद्यांत बायका-पुरुष समसमान असावेत असा कायदा झाला, आणि 2012 च्या संसदेत 150 पैकी 64 बायका निवडून आल्या. तातांनी त्या दिवशी बहिणीच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली होती.

गोरे बेटावर

निघायच्या आदल्या आठवड्यात ताता मला गोरे बेट दाखवायला घेऊन गेल्या. डाकारच्या बंदरातून बोटीनं वीस मिनिटं. बोटीचं नाव 'कुंबा कास्तेल'. ही ह्या बेटाची राखणदारीण, आपल्या कोकणातल्या राखणदारासारखीच. बेट एवढंसं, की रमतगमत तासाभरात पायाखाली घालावं. मोटारगाडी एकही नाही. तांबड्या-पिवळ्या भिंती, त्यांवर लोंबणारी बोगनवेल, आणि "मादाम, मादाम" करत मण्यांच्या माळा गळ्यात घालायला धावणाऱ्या बायका.

इथलं गुलामांचं घर जगप्रसिद्ध आहे. खाली अंधाऱ्या कोठड्या, आणि समुद्राकडे उघडणारं एक अरुंद दार. इथून नेमकी किती माणसं नेली, ह्यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण त्या दाराशी उभं राहिल्यावर आकड्याची आठवण कुणाला होते? आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

ताता मग मला त्या घराच्या समोरच्या वास्तूपाशी घेऊन गेल्या. 1777 साली बांधलेलं ते घर व्हिक्टोरिया आल्बिस नावाच्या 'सिन्यार'चं. सिन्यार हा शब्द पोर्तुगीज 'सेन्योरा'वरून आलेला. युरोपी व्यापाऱ्यांशी तिथल्या रीतीनं लग्न लावणाऱ्या, स्वतः व्यापार करणाऱ्या, सोन्यानं मढलेल्या ह्या मिश्र रक्ताच्या बायका. घरं त्यांच्या नावावर असायची आणि घरात गुलामही असायचे. बाई तेवढी सोसणारी आणि बाप्या तेवढा छळणारा, असं सरळ सोपं गणित मांडून गोरेला गेलेल्या बाईची इथं पंचाईत होते.

नेमक्या ह्याच घरात आनेतबाईंनी 1994 साली स्त्रियांचं संग्रहालय उघडलं आणि त्याला आपल्या दिवंगत मैत्रिणीचं, हेन्रिएत बातिलीचं, नाव दिलं. त्यात राजाराण्यांची शस्त्रं नव्हती. भोपळ्याची भांडी, मडकी, वाद्यं, लुगडीकपडे, दागिने आणि निरनिराळ्या क्षेत्रांत पहिल्या आलेल्या बायकांच्या तसबिरी. रोज हाताळून झिजतात म्हणून ज्या कुणी जपून ठेवत नाही, अशा वस्तू. 2015 साली संग्रहालयाला बेटावरचं घर सोडावं लागलं आणि सगळा संसार उचलून ते डाकारच्या समुद्रकाठच्या नव्या जागेत गेलं. भांडीकुंडी बांधून बिऱ्हाड हलवणं बायकांना नवीन थोडंच आहे!

तेव्हा आनेतबाई नव्वदीला टेकल्या होत्या. मधल्या काळात त्यांनी कविता लिहिल्या, मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं केली, 1990 साली डाकारमध्ये चित्रपटांचा मेळावा सुरू केला. त्यांचे चिरंजीव उस्मान विल्यम म्बाय हे चित्रपट-दिग्दर्शक. 2008 साली त्यांनी आईवर 'मेर-बी' हा माहितीपट काढला. 'मेर' शब्द फ्रेंच, 'बी' वोलोफ, अर्थ 'आई'. मुलानं आईच्या कामाकडे एवढं निरखून पाहावं, ह्यापरता पुरस्कार कुठला?

परतीच्या बोटीत मी तातांना विचारलं, "मासिक बंद पडलं, वाचणाऱ्या थोड्या, संग्रहालयाला घर बदलावं लागलं. मग उरलं काय?" त्यांनी माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या बहिणीनं आपल्या तिन्ही मुलींना शाळेत घातलं. त्यातली एक डॉक्टर आहे. हे कुठल्या अंकात छापलेलं नाही, म्हणून झालंच नाही का?"

मैत्रिणींनो, तुकोबांच्या आवेला घर सुटत नव्हतं म्हणून तिची वारी राहिली. डाकारच्या आवेनं घर सोडलंच नाही. परात, उखळ, पाळणा, शिवणाची सुई सगळं काखेत मारून ती वेशीबाहेर पडली. हे तिला जमलं, कारण तिच्यासाठी कुणीतरी लिहीत होतं आणि तिनं लिहिलेलं कुणीतरी जपत होतं.

माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंची पदार्थांची वही, आईची इनलँड पत्रं, आजीनं सांगितलेल्या ओव्यांचे कागद हाती लागले, तर ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ देऊ नका. स्वच्छ पुसून, चार कडुनिंबाची पानं घालून, एका डब्यात ठेवा. आणि त्यावर त्या बाईचं नाव घाला. नुसतं 'आईची वही' नको. तिचं स्वतःचं, पूर्ण नाव.